सांगलीतल्या एका मोबाईल दुरुस्तीवाल्या अण्णांना जाहीर आभारपत्र

सप्रेम नमस्कार अण्णा,

हे पत्र पाकिटात घालून तुमच्या हातात दिलं असतं तर ते न उघडताच गल्ल्यात गेलं असतं आणि विषय चहावर आला असता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. नाव आणि दुकान लिहायचं नाही ही तुमची अट पाळली आहे. हरभट रोडच्या आसपास मोबाईल दुरुस्तीची दुकानं काय कमी आहेत? ओळखणारे ओळखतील.

वाचणाऱ्यांसाठी थोडं आधीचं. आम्ही तिघं मिळून एक मेसेजिंग ॲप करतोय. मेसेज साठवणारा सर्व्हर मधे नाही. माझ्या फोनवर कुलूपबंद (एन्क्रिप्ट) झालेला मेसेज थेट समोरच्याच्या फोनवर जाऊन उघडतो. नेट असेल तर नेटवरून, नसेल तर जवळच्या जवळ ब्लूटूथ किंवा वायफायवरून. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले, तेव्हा एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत निरोप पोचवणं किती अवघड झालं होतं हे सांगलीकरांना सांगायला नको. ॲपचं मूळ तिथलं.

आमची सगळी काळजी वाटेची होती. मधेच कुणी मेसेज वाचला तर? खरं तर त्याची सोय जगानं केव्हाच करून ठेवली आहे. एकमेकांना कधी न भेटलेली दोन माणसं उघड्यावर बोलूनही मेसेजच्या कुलपाची दोघांपुरती गुप्त किल्ली कशी ठरवू शकतात, हे डिफी आणि हेलमन या संशोधकांनी १९७६ सालीच दाखवलं. आज त्याच्या तयार, तपासलेल्या लायब्ऱ्या, म्हणजे आयते कोड, मिळतात. तिथं स्वतःचं डोकं चालवायचं नसतं, त्या नीट वापरायच्या असतात.

हे सगळं मी तुम्हाला मोठ्या उत्साहानं सांगत होतो आणि तुम्ही कुणाचा तरी चार्जिंग जॅक बदलत होता. मान वर न करता म्हणालात, "वाटेत कोन वाचतंय रे? वाचलं तर मी वाचीन. फोन माझ्या टेबलावर हाय."

आणि खरंच होता. दोन हारीत फोन मांडलेले, प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टीनं लावलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव, तक्रार आणि त्याखाली नऊ ठिपके काढून त्यांतून ओढलेली रेघ. पॅटर्न! कुणाचा इंग्रजी एल, कुणाचा झेड. डिस्प्ले बदलला की टच, कॅमेरा, स्पीकर सगळं तपासावं लागतं, त्यासाठी फोन उघडावा लागतो, म्हणून पॅटर्न मागावाच लागतो. त्यात तुमचा काही दोष नाही. तपासताना वरून सरकत येणारी नोटिफिकेशन मात्र डोळ्यांना दिसतेच. कुणाच्या घरात काय चाललंय ते नको असताना कळतं, असं तुम्ही म्हणालात. बोलताना तुमचा आवाज जरा उतरला होता.

ज्याच्या हातात लोकांचे उघडे फोन येतात, त्यानंच ‘माझ्यापासून जपा’ असं सांगावं, यासाठी अण्णा तुमचे पहिले आभार.

त्या दिवसानंतर कामाचा क्रमच बदलला. ॲपला फोनच्या पॅटर्नपेक्षा वेगळा, स्वतःचा पासवर्ड आला. नोटिफिकेशनमध्ये नाव नाही, मजकूर नाही, नुसतं ‘नवीन मेसेज’. अलीकडे उघडलेल्या ॲपच्या यादीत जे छोटं चित्र दिसतं, तेही कोरं केलं. मग आमच्यातल्या एकानं ‘दुरुस्ती मोड’ काढला: फोन दुकानात देण्याआधी एक बटण दाबायचं, की सगळं बंद. कल्पना काही नवी नाही. सॅमसंगनं २०२२ मध्ये आणि गूगलनं २०२३ मध्ये आपापल्या काही फोनांत अशी सोय दिली आहे. पण तुमच्या टेबलावर येणारे फोन त्यातले थोडेच. शिवाय तुम्ही एका वाक्यात त्याची हवा काढलीत. "बंद पडलेला फोन घिऊन येत्यात माणसं. बटन कोन दाबनार?"

म्हणून आता असं केलंय: फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला, की मालकानं पासवर्ड घातल्याशिवाय ॲपचं काहीच उघडत नाही. याची किंमत आहे. मधे सर्व्हर नसल्यामुळे तोवर आलेला मेसेज घ्यायला कुणी नसतं. पाठवणाऱ्याचा फोनच तो धरून बसतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. आमच्यात यावरून बरीच खडाजंगी झाली. मेसेज उशिरा पोचला तर लोक ॲप काढून टाकतील, असं एकाचं म्हणणं. ते चुकीचं नाही. तरी मला तुमचं पटतं, आणि ॲप तसंच ठेवलं आहे.

दुसरे आभार त्या खालच्या ड्रॉवरबद्दल. गिऱ्हाइकांनी सोडून दिलेले फोन: फुटलेल्या काचेचे, बॅटरी फुगलेले, कुठं एक जीबी रॅम, कुठं दोन. पासवर्डपासून किल्ली तयार करायला आम्ही अर्गॉन-२ वापरतो. २०१५ च्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेत ती पद्धत पहिली आली. तिची खुबी अशी की प्रत्येक अंदाजाला भरपूर मेमरी खर्च करावी लागते, त्यामुळे चोराला लाखो पासवर्ड झटपट तपासता येत नाहीत. आमच्या महागड्या फोनांवर २५६ एमबी सहज चालत होतं. तुमच्या एक जीबीवाल्यावर ॲप उघडता उघडता मरायचं. आता ६४ एमबी आणि तीन फेऱ्या. कमी मेमरीच्या यंत्रांसाठी अर्गॉन-२ च्या २०२१ च्या प्रमाण दस्तऐवजातही तेवढंच सुचवलं आहे. कागदावर वाचलेलं पटायला तो फोन हातात यावा लागला.

ॲप मागे चालू का राहत नाही, तेही तिथंच उलगडलं. अँड्रॉइड ६ पासून स्क्रीन बंद असलेला फोन बॅटरीसाठी ॲपना झोपवतो, एवढं माहीत होतं. पण काही कंपन्या त्याहून कडक वागतात आणि ‘ऑटोस्टार्ट’ची, म्हणजे ॲप आपोआप सुरू होण्याची, परवानगी सेटिंगमध्ये भलतीकडेच दडवून ठेवतात. कुठल्या फोनात ती कुठं आहे, हे तुम्हाला तोंडपाठ. आमचं मदतीचं पान म्हणजे तुमचं बोलणं मी टाइप केलंय, बाकी काही नाही.

आणि काकूंचे आभार राहिलेच! अलीकडच्या फोनांत डेटाची किल्ली बोर्डवरच्या चिपशी बांधलेली असते. बोर्ड गेला की डेटा गेला, मग मेमरीची चिप उचकटून दुसरीकडे बसवली तरी उपयोग नाही. पुराच्या पाण्यात भिजलेले बोर्ड आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) बुडवून ब्रशनं घासताना हे तुम्ही किती जणांना समजावलं असेल. आमच्याकडे तर सर्व्हरवर प्रत नाहीच. म्हणून पासवर्डनं बंद केलेल्या बॅकअपची सोय केली आणि काकूंनी पासवर्ड म्हणून मराठीत एक ओळच लिहिली, त्यात ‘किनाऱ्यावर’ होतं. दुसऱ्या फोनवर तीच ओळ, पण बॅकअप उघडेना. कारण सापडायला रात्र गेली. ‘ऱ्य’मधला तो अर्धा र एक कीबोर्ड एका तऱ्हेनं लिहितो, दुसरा दुसऱ्या, मधे एक न दिसणारं चिन्ह घालतो. डोळ्यांना अक्षर तेच, यंत्राला पासवर्ड वेगळा. युनिकोड म्हणजे यंत्रात अक्षरं साठवण्याची जागतिक पद्धत; तिचं वेगवेगळी लिखावट एकसारखी करण्याचं नेहमीचं सामान्यीकरण हे दोन प्रकार एक करत नाही. आता पासवर्ड पुढे जाण्याआधी आम्ही ते एकसारखे करून घेतो. इंग्रजीत पासवर्ड टाकणाऱ्या आम्हा तिघांना हे कधीच दिसलं नसतं.

नेटवर्कचं तुम्हाला फारसं कौतुक नाही, म्हणून थोडक्यात. मोबाईल नेटवर एकाच इंटरनेट पत्त्यामागे पुष्कळ फोन असतात, त्यामुळे दोन फोनांना थेट गाठ घालता येईलच असं नाही. तुमच्या काउंटरवर वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं घालून बसलो, तेव्हा कुठल्या जोडीला मधला दुवा लागतो ते कळलं. त्या दुव्याला कोण कुणाशी बोलतंय याचा माग लागू शकतो, मजकूर दिसत नाही. हे ॲपमध्ये स्पष्ट लिहिलं आहे.

पैशांचा विषय काढला की तुम्ही दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळता. निदान ॲपच्या ‘सहकार्य’ पानावर ‘सांगलीचे एक अण्णा’ एवढं तरी राहू द्या.

आता पुढचं काम. जुना फोन विकताना आपली ओळख नव्या फोनवर हलवायची आणि जुन्यावरून पुसायची. माणसं काहीही न पुसता फोन विकायला आणतात, ही तुमचीच तक्रार. पुढच्या महिन्यात चाचणीची प्रत घेऊन येतो. तोवर तो ड्रॉवर भंगारवाल्याला देऊ नका.

तुमचा,
ॲपवाला