तुम्ही कीबोर्ड माझ्याकडे सरकवलात

काका, सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. आभार मात्र मानणारच.

आमच्या दादरच्या पतपेढीतलं ते जुनं मशीन, सोलारिस २.५.१ या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरचं. सभासदांचा सगळा जुना हिशोब त्यातच. बॅकअप घ्यायला बसलं की फाईल २१४७४८३६४७ बाइटवर येऊन अडायची. डिस्कवर जागा भरपूर. देखभालीचा करार ज्यांच्याकडे होता त्यांनी तीन खेपा घातल्या. आधी म्हणाले डिस्क खराब, मग केबल, शेवटी ‘नवीन मशीन घ्या’. तिन्ही खेपांचे पैसे घेतले. तो आकडा एकानेही नीट वाचला नाही, याचा मला अजून राग येतो.

तुम्ही तो वाचलात. जुन्या पावतीच्या पाठीवर दोनाचा एकतिसावा घात मांडलात, त्यातून एक वजा केलात, आणि पावती माझ्यासमोर धरलीत. फाईलमधली जागा मोजायला ३२ बिट, त्यातला एक अधिक-उणे चिन्हाचा, उरले ३१; म्हणून फाईल त्या आकड्यापुढे जातच नाही. सोलारिस २.६ मध्ये ही मर्यादा उठली, आमचं त्याआधीचं. ‘मशीन बिघडलेलं नाही गं,’ म्हणालात, तेव्हा महिन्याभराने मला नीट श्वास घेता आला.

उपाय तुमच्या दृष्टीने साधा: मधे पाइप, म्हणजे एका प्रोग्राममधून निघालेलं थेट दुसऱ्यात सोडणारी वाट, त्याच्या दुसऱ्या तोंडाला ते दाबून लहान करणारा जीझिप, पुढे त्याचे तुकडे पाडणारा स्प्लिट. डिस्कवर पडतात ते लहान तुकडेच, अख्खी फाईल कुठे तयारच होत नाही.

मी खुर्ची सोडून उठले, तर तुम्ही बाजूचं स्टूल ओढलंत आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवलात. ‘तू टाईप कर. मी बसलोय.’ स्प्लिटपुढचा तो एकुलता डॅश, ‘पाइपमधून येईल ते घे’ असं सांगणारा, मी दोनदा विसरले. तुम्ही हात पुढे केला नाहीत. पेनाच्या टोकाने पडद्यावरची जागा तेवढी दाखवलीत आणि थांबलात. आजवर त्या मशीनपाशी आलेल्या प्रत्येकाने मला आधी बाजूला व्हायला सांगितलं होतं, काका.

तुकडे जोडून दुसऱ्या मशीनवर सगळा हिशोब चढला, बेरजा जुळल्या, मगच तुम्ही डोंबिवलीची गाडी गाठायला निघालात. हुशार माणसं मुंबईत पुष्कळ भेटतात. दुसऱ्याला जमेपर्यंत शेजारी बसून राहणारं माणूस मला नोकरीत पहिल्यांदा भेटलं.

काल महिनाअखेरचा बॅकअप मी एकटीने घेतला. दोन तुकडे पडले. पावती टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे.