'तो तसलाच आहे' म्हणू नका

संपादक महोदय,

बौद्धिक दिव्यांग मुलगा एकाएकी स्वतःला चावू लागला, जेवेनासा झाला, रात्र रात्र जागू लागला की घरचे म्हणतात, 'तो तसलाच आहे.' कधी कधी डॉक्टरही तेच म्हणतात. पण बौद्धिक दिव्यांगत्व लहानपणापासून असते, ते पंधरा दिवसांत वाढत नाही. अचानक बदल झाला तर कारण दुसरे असते. नैराश्य, चिंतारोग, स्किझोफ्रेनिया या मुलांनाही होतात, उलट जास्तच होतात.

आधी शरीर तपासा. गालावर मारून घेत असेल तर दाढ बघा, कानावर मारत असेल तर कान. पोट साफ होते का, लघवीला जळजळते का, मुलींची पाळी जवळ आली आहे का? डाऊन सिंड्रोम असेल तर दरवर्षी थायरॉईड तपासा.

मग औषधे बघा. इथेच घोटाळे फार होतात. चिडचिड, आक्रमकपणा कमी करण्यासाठी दिलेल्या रिस्पेरिडोनने अंग ताठरते म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल देतात. त्याने मलावरोध होतो. पोट दुखून मूल आरडाओरडा करते आणि रिस्पेरिडोनच वाढवले जाते. फिटसाठीच्या लेव्हेटिरासिटामने काहींची चिडचिड वाढते. तरीही फिटची गोळी मनाने बंद करू नका, फिट लागोपाठ येऊ शकतात. डॉक्टरांना एका वेळी एकच औषध बदलायला सांगा.

आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात आणखी एक धोका आहे. निपाणीकडचे कोल्हापूरला दाखवतात, खानापूरकडचे बेळगावला किंवा धारवाडच्या डिमहान्स या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत. काही जण दोन्हीकडे. मग एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दुप्पट पोटात जाते. गोळ्यांची रिकामी पाकिटे फेकू नका, दोन्ही डॉक्टरांना दाखवा. एकच वही ठेवा: झोप किती तास, संडास, फिट, चिडण्याआधी काय घडले, नंतर आपण काय केले. दोन आठवड्यांची अशी वही आणि मोबाईलवरचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाहून डॉक्टरांना बरेच कळते.

शेवटची गोष्ट सरकारसाठी. घरी फक्त मराठी ऐकणाऱ्या मुलाला कन्नडमध्ये 'ऊट आय्ता?' (जेवण झाले का?) विचारले की ते गप्प बसते आणि कागदावर 'प्रतिसाद नाही' लागते. बुद्ध्यंक चाचणीतही असेच गुण जातात. रुग्णाला समजेल त्या भाषेत माहिती मिळण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे. सीमाभागातल्या तालुका रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञ येतात त्या दिवशी मराठी जाणणारा एक कर्मचारी तपासणीच्या खोलीत बसवावा. तोवर पालकांनी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करून मराठीत बोलण्याची मागणी करावी.

– विशेष शिक्षक, बेळगाव-खानापूर परिसर