मॅडम, तुम्ही त्याला विचारलंत

डॉक्टर मॅडम,

तुम्ही तेव्हा सरकारी दवाखान्यात न्यूरोच्या ओपीडीला रेसिडेंट होतात. आता कुठं असता ठाऊक नाही, म्हणून हे उघडच लिहितेय.

आमचं पोर तान्हेपणापासून मधेच हसायचं, झोपेतसुद्धा. 'सटवाई हसवते,' म्हणून कौतुक व्हायचं. ते कौतुक सरलं सासऱ्यांच्या दहाव्याला. पिंडाला कावळा शिवेना, सगळे गप्प उभे, आणि हा खिदळला. शाळेत त्याच हसण्यापायी वर्गाबाहेर उभं केलं. एका बड्या डॉक्टरांनी ईईजी, म्हणजे डोक्याला वायरी लावून काढतात तो मेंदूचा आलेख, नॉर्मल आला म्हणून फाईल मिटली. 'लाडावलाय. लक्ष देऊ नका.' फी मात्र लक्षात ठेवून घेतली.

तुमच्यासमोर त्याला तसंच हसू आलं, तेव्हा बाकावरचे लोकही हसायला लागले. तुम्ही त्याचा हात धरलात आणि घड्याळ बघत राहिलात. शिपाई बाहेरून 'आटपा, आटपा' करत होता. हसू थांबल्यावर तुम्ही मला नाही, त्याला विचारलंत, "मजा वाटली का रे?"

"नाही. पोटात कसंतरी होतं, मग तोंड आपोआप हसतं."

केसपेपरवर बाकी सगळं इंग्रजीत होतं. हे एवढं वाक्य तुम्ही जसंच्या तसं मराठीत लिहिलंत. तो वाकून वाचत होता. 'कसंतरी'वर अनुस्वार राहिला होता, तो त्यानं दाखवला आणि तुम्ही दिलात. मॅडम, त्याचं म्हणणं कुणी कागदावर घेतलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

त्या एका ओळीवरून तुम्ही मेंदूचे बारीक बारीक काप दाखवणारा एमआरआय लिहून दिलात आणि गाठ सापडली. हायपोथॅलॅमिक हॅमार्टोमा. जन्मतःच असते, दोन लाखांत एखाद्याला. कॅन्सर नव्हे, पसरतही नाही. पण मेंदूच्या तळाशी इतकी खोल, की डोक्याला लावलेल्या वायरींना बऱ्याचदा पत्ताच लागत नाही. त्याचं हसणं म्हणजे फिट होती. फिटच्या गोळ्या या गाठीपुढं सहसा हात टेकतात, तशाच आमच्याही टेकल्या. ऑपरेशन झालं. त्याचं सगळं इथं लिहीत बसत नाही, पोरगा बरा आहे.

हुशार डॉक्टर पुष्कळ पाहिले. एवढ्या गर्दीत, दमलेल्या चेहऱ्यानं, लहान पोराच्या तोंडाकडे बघून ऐकणारी माणसं मात्र थोडीच. तुम्हाला तसं वाढवणाऱ्या आईवडिलांनाही माझा नमस्कार सांगा.

पेढे घेऊन आले होते, तोवर तुमची टर्म संपलेली. ते सिस्टरांनी संपवले. तुमचे बाकी आहेत, पत्ता कळवा.

— एक आई