तीर्थरूप आई-बाबा, अल्बम माझ्याजवळ सुखरूप आहेत

पुणे

ती. आई आणि ती. बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

नागपूरहून गाडी वेळेत पोहोचली. अल्बमची सुटकेस रात्रभर उशाशीच होती, एकही पान दुमडलेलं नाही. आल्या आल्या सगळे अल्बम आतल्या खोलीतल्या कपाटात, मधल्या खणात ठेवले. त्या भिंतीला बाहेरून पाऊस लागत नाही, त्यामुळे ओल यायचा प्रश्न नाही. आई, डांबराच्या गोळ्या टाकलेल्या नाहीत, फोटोंना चालत नाहीत त्या.

निघताना तू म्हणालीस, "ने ना बाप्पा, इथं कोण पाहून राहिलं." हसत म्हणालीस, पण नंतर दिवाणाची फळी लावायला तुला फार वेळ लागला. ते माझ्या मनातून जात नाहीये. फोनवर काढलं तर तू "हो हो, चांगलंच केलं" म्हणशील आणि विषय गोकुळपेठेतल्या भाजीवर नेशील. म्हणून लिहिते आहे.

तिथे कोणी बघत नाही म्हणून नेले नाहीत गं. तिथे ते टिकले नसते, म्हणून नेले. 2023 ची महालक्ष्म्यांची रात्र आठव. 22 सप्टेंबरला जेवणं आटोपली, आंबीलसुद्धा उरली नाही म्हणून तू खुशीत होतीस, आणि 23 च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी दारात. तू आधी मुखवटे उचललेस, बाबांनी औषधांचा डबा आणि घराची कागदपत्रं. दिवाणात खाली काय आहे हे त्या वेळी कोणाला सुचणार होतं? सुचायला नकोच होतं. तुम्ही दोघं वरच्या जिन्यात कोरडे बसलात, मला तेवढंच पाहिजे होतं. पण मावशीच्या लग्नाचा अख्खा अल्बम गेला त्यात. फोटोवर जिलेटिनचा थर असतो. तो पाण्याने मऊ होतो आणि फोटो एकावर एक वाळले की कायमचे चिकटतात. ते सुटायचे असतील तर ओले असतानाच. देव करो आणि पुन्हा अशी वेळ न येवो, पण आलीच तर फोटो वाळू द्यायचे नाहीत, स्वच्छ गार पाण्यात अलगद सुटे करायचे आणि सावलीत सुती कापडावर, चेहरा वर करून पसरायचे. उन्हात नाही. आणि हेही तुम्ही करायचं नाही, मला फोन करायचा.

पाणी एक रात्रीचं, पण उन्हाळा दरवर्षीचा. चार महिने कूलरची दमट हवा, नंतर पावसाळा, आणि दिवाणात कसर. चिखलदऱ्याचा अल्बम काल उघडला. ते चिकट पानांचे अल्बम, वरून पारदर्शक प्लॅस्टिक, तेव्हा केवढे भारी वाटायचे आपल्याला! त्याच गोंदाने फोटोंच्या पाठी पिवळ्या पडल्यात. नखाने ओढला तर फोटो फाटतो. म्हणून दातांत फिरवायचा तो बारीक दोरा कोपऱ्याखाली घालायचा आणि करवतीसारखा मागेपुढे सरकवत न्यायचा. भीमकुंडावरचा फोटो असा जराजरासा सुटत गेला. उलटा केला तर मागे बाबांचं अक्षर, निळ्या शाईत: "चिखलदरा, दिवाळी 91. मनू अजिबात घाबरली नाही." बाबा, मी घाबरले होते. मी तुमचा शर्ट मागून धरला होता, नीट बघितलं तर माझी मूठ दिसते त्या फोटोत.

तान्ह्या पोळ्याचाही आहे. माझा लाकडी बैल, त्याच्या शिंगांना आईने गुंडाळलेली बेगड, आणि शेजारी दादा रडतोय, कारण त्याच्या बैलाचं चाक निघालं होतं. छिंदवाड्याच्या छोट्या गाडीचा आहे, इतवारी स्टेशनवरचा, आई खिडकीतून आत शिदोरी देते आहे. ती नॅरोगेज 2015 ला बंद झाली. आता पोराला दाखवायची तर कडबी चौकातल्या म्युझियममध्ये न्यावं लागतं. असे फोटो दिवाणात कसे राहू देऊ मी?

बाबांच्या अग्फा क्लिक थ्रीचे काळे-पांढरे फोटो मात्र अजून ठणठणीत आहेत. एका रोलमध्ये बाराच निघायचे, म्हणून तुम्ही आम्हाला उन्हात किती वेळ उभं करायचात! त्या फोटोंत चित्र चांदीच्या कणांचं असतं, ते सहसा उडत नाही. रंगीत फोटोंचे रंग उडतात. पचमढीचे सगळेच्या सगळे लालसर झालेत. स्कॅन केल्यावर रंग बरेचसे परत आणता येतात, पण धूपगडावर आईने नेसलेली साडी मोरपंखी होती की जांभळी, हे कॉम्प्युटरला काय माहीत? ते बाबांनाच विचारायचं आहे.

आणि बाबा, इथे जरा शांतपणे ऐका. तुम्हीच म्हणालात ना, ऑपरेशन झालेल्या डोळ्याने आकाश निळं दिसतं आणि दुसऱ्याने मळकट? वय होतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं, निळा रंग आधी मंदावतो. म्हणजे रंग सांगायचे तर दुसराही डोळा व्हायला पाहिजे. "आता उन्हाळा आहे, दिवाळीनंतर बघू" हे मला चालणार नाही. हल्लीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ऋतू लागत नाही, डॉक्टरांनीही तेच सांगितलं तुम्हाला माझ्यासमोर. भीती वाटत असेल तर तसं सांगा. मी येते. पहिल्या वेळेला मला येता आलं नाही, ते मला अजून टोचतं.

आता पुढचं. पार्सलमधून एक फोटोफ्रेम येईल. बाबांच्या आरामखुर्चीसमोर, टीव्हीच्या डाव्या हाताला ठेवा, देव्हाऱ्याजवळ नको. एकदा प्लग लावला की काही करायचं नाही, जसजसे स्कॅन होतील तसतसे फोटो त्यात आपोआप येत राहतील. रात्री ती आपली आपण बंद होते, आईच्या झोपेत उजेड येणार नाही. घरातल्या वायफायवर चालते, तुमच्या फोनचा डेटा जाणार नाही. मूळ अल्बमही परत आणणार आहे, नव्या पेट्यांत, प्रत्येक पानामध्ये कागद घालून. ते तुमचेच आहेत. फक्त दिवाणात नाही, वरच्या कपाटात ठेवायचे.

फोनवर मी आपला एक अल्बम केला आहे, तुम्ही, दादा-वहिनी आणि आम्ही, एवढ्यांचाच. तो माझ्या खात्यावर आहे, त्यामुळे बाबांच्या फोनची जागा भरणार नाही. व्हॉट्सअॅपवर फोटो बारीक होऊन जातात, इथे जसेच्या तसे राहतात. लिंकने उघडायची सोय मी बंद ठेवली आहे, कारण ती चालू असली की लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला सगळं दिसतं. बाबा, पिल्लूचे फोटो तुम्ही वॉकच्या ग्रुपवर टाकता ते कौतुकाने, हे मला ठाऊक आहे. तुमच्या मित्रांनी मला अंगाखांद्यावर खेळवलंय. पण त्या ग्रुपवरून ते पुढे कुठे जातात ते तुमच्याही हातात नाही आणि त्यांच्याही. म्हणून त्याचे फोटो आपल्या अल्बमबाहेर न्यायचे नाहीत, असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे. कोणाला बघायचे असतील तर घरी बोलवा, फ्रेमवर दाखवा, आई पाटवडी करेल आणि भरपूर गप्पा होतील. आणि प्रवासात असताना स्टेटस नको. "आज पेंच, उद्या रामटेक" वाचलं की घराला कुलूप आहे हे सगळ्यांना कळतं. परत आल्यावर हवे तेवढे टाका.

मला तुमच्याकडून मात्र रोजचे फोटो हवेत. सुप्रभातवाले नाहीत. आई, तू कधी फोटोत नसतेस, वडाभात असतो, तुळस असते, बाबांची टोपी असते. मागच्या वेळी आरशात तुझा हात आला होता चुकून, तर बांगड्या कोपरापर्यंत सैल दिसल्या मला. किती वजन कमी झालंय ते कोणी सांगितलं नाही. साडी नीट नसली, केस विस्कटलेले असले तरी चालेल गं. कणीक मळतानाचा पाठव, दुपारी भिंतीला टेकून बसतेस तसा पाठव. मला तू तशीच आठवतेस, कूलरसमोर, केस मोकळे सोडून, मांडीवर माझं डोकं. बाबा, आईचा एक आणि तुमचा एक, रोज. आणि आठवड्यातून एकदा पायांचा, सूज बघायला.

दुपारी बारा ते पाच बाहेर पडायचं नाही. पन्ह्यात साखर बेताची. बीपीची गोळी डबीत राहिली तर फोटोत दिसणार आहे मला, लक्षात ठेवा. आईचं हिमोग्लोबिन आणि थायरॉईड या आठवड्यातच तपासून घ्या, घरी येऊन रक्त घेतात, मी सांगून ठेवलं आहे. रागावू नका.

डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली की त्याच दिवशी कळवा, मी सुट्टी टाकते.

तुमची,
मनू