नाटकाच्या घरातील बालसाहित्यिका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या बालपुरवणीत परदेशी लेखकांचा परिचय येतो, त्यात एलिनॉर फार्जन (१८८१–१९६५) या इंग्रज लेखिकेलाही स्थान मिळावे. त्यांच्या आईचे वडील जोसेफ जेफरसन हे अमेरिकन रंगभूमीवरील नामवंत नट होते. वडील कादंबरीकार, थोरला भाऊ हॅरी संगीतकार, तर दुसरा भाऊ हर्बर्ट नाटककार. शाळेत न जाता ग्रंथांनी भरलेल्या घरात वाढलेल्या एलिनॉर यांनी हॅरीसोबत गोष्टींतील पात्रे होऊन तासन्‌तास बोलण्याचा जो खेळ लहानपणी मांडला, तो विशी ओलांडल्यावरही सुटला नाही. त्यांच्या कथांतील संवादांचा जिवंतपणा मला याच खेळातून आलेला वाटतो. पुढे हर्बर्टबरोबर त्यांनी नाटकेही लिहिली. मोठे सन्मान मात्र पंचाहत्तरीच्या सुमारास मिळाले: ‘द लिटल बुकरूम’ या कथासंग्रहाला कार्नेगी पदक आणि १९५६ मध्ये पहिला हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार.

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय उभारलेल्या या वडोदरा शहरात नाटकाचे वेड असलेली मराठी घरे अजूनही आहेत, परंतु तेथील पुष्कळ मुले शाळेत गुजराती किंवा इंग्रजीच वाचतात. त्यांना भूमिका पाठ करून घेण्याइतक्याच आस्थेने मराठीत गोष्ट लिहायला बसवले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. फार्जन यांच्या एखाद्या कथेचा अनुवाद, रीतसर परवानगी घेऊन, आपण दिवाळीच्या सुट्टीत छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, वडोदरा