जुनी नाणी चिंचेने घासू नका

संपादक महोदय,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत तांब्या-पितळेची भांडी उजळण्याचे उपाय वाचले. चिंच-मिठाचा उपाय खराच आहे. पुण्याच्या तांबट आळीत मी चाळीस वर्षे हंडे-घंगाळी मठारली, तोच वापरला. पण शेवटी ‘जुनी नाणीही अशीच लखलखतात’ असे छापले आहे, ते वाचून राहवले नाही. मी ते करून बसलो आहे.

भाच्याने जर्मनीहून एक रोमन नाणे आणले होते. कांस्याचे, नखाएवढे, काळपट हिरवे. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी. दुसरीकडे दंतकथेत रोम वसवणाऱ्या रोम्युलस आणि रीमस या जुळ्यांना पाजणारी लांडगी, वर दोन तारे. सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३३० मध्ये बॉस्फरसच्या काठी नवी राजधानी वसवली, त्या सुमाराचे हे. नव्या नगरीसाठी वेगळे नाणे पाडले, त्यावर जहाजाच्या पुढच्या टोकावर उभी विजयदेवता. आणि जुन्या रोमचा मान राखायला ही लांडगी. या नाण्यावर सम्राटाचा ना चेहरा, ना नाव! सामान्य माणसाच्या हाती सोने कुठले यायला? त्याच्याकडे हेच कांस्य, आणि अक्षरओळख नसली तरी लांडगी त्याला कळायची.

मी ते चिंचेत घालून घासले. अर्ध्या तासात नाणे तांबूस झाले, लांडगी गेली. भाच्याने आधी काढलेल्या फोटोत ती मान वळवून पोरांकडे बघते आहे. तिच्या पायाखाली टी, आर, एस ही अक्षरे आहेत, म्हणजे आजच्या जर्मनीतल्या ट्रिअर शहराच्या टांकसाळीतला दुसरा कारखाना. आता तिथे नुसते खड्डे आहेत.

हंड्यावरचा हिरवा कळंक वरवरचा असतो, खाली धातू शाबूत. शतकानुशतके जमिनीत राहिलेल्या नाण्याची मात्र वरची कातडीच हिरवी होऊन बसते आणि नक्षी त्या कातडीतच असते. एवढे मला कारागिराला कळायला हवे होते.

माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवावे, लाकडी काडीने हलकेच काढावी, नीट वाळवावे. फिकट हिरवी भुकटी झडू लागली तर नाणे वेगळे, कोरडे ठेवून जाणकाराला दाखवावे.

गौरी-गणपतीच्या आधी घरोघरी भांडी घासायला निघतात. देवघरातल्या डब्यात कुणाकडे शिवराई असते. ‘श्री राजा शिव’ ही अक्षरेही अशीच जातील. कृपया येत्या रविवारी त्याच जागी दुरुस्ती छापावी.

आपला,
एक निवृत्त तांबट कारागीर, पुणे