गच्चीला कुलूप, बिबड्यांची पंचाईत

संपादक महोदय,

जळगावला 2003 मध्ये महानगरपालिका झाली आणि त्यानंतर जुन्या घरांच्या जागी अपार्टमेंट उभी राहत गेली, याबद्दल तक्रार नाही. मात्र या बदलात उन्हाळी वाळवणाची जागा हिरावली गेली, याकडे कोणी लक्ष देत नाही. भिजवलेली ज्वारी दळून, तीळ, लसूण, मिरची घालून तिचा घाटा शिजवायचा आणि ओल्या धोतरावर पाण्याच्या हाताने बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, थापायचे, हे एकट्यादुकट्या बाईचे काम नव्हे. खानदेशी ऊन दहानंतर गच्चीवर पाय ठेवू देत नाही, म्हणून शेजारणी पहाटेच एकमेकींकडे जमत आणि आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे असा इर्जिकीचा क्रम चाले. (अर्धे ओले बिबडे पोरेच फस्त करत, ते वेगळे.)

आता बहुतेक सोसायट्यांच्या गच्चीला कुलूप असते. गळती होते, सौर पॅनेलला धक्का लागतो, ही कारणे अगदीच खोटी नाहीत. पण वर्षभर कुलूप हा त्यावरचा उपाय नव्हे. चैत्र-वैशाखात सकाळी गच्ची उघडी ठेवण्याचा ठराव सोसायटीच्या सभेत सहज होऊ शकतो. शिवाय मोठ्या लेआउटमध्ये नियमानुसार सोडलेल्या खुल्या जागा अनेक ठिकाणी काटेरी झुडपांनी आणि बांधकामाच्या राडारोड्याने भरल्या आहेत. महापालिकेने त्या होळीपूर्वी साफ करून द्याव्यात, खाटा आणि धोतरे आम्ही आमची आणू.

एक वाचक, जळगाव